परातीतल्या भुजा

अकोल्यात मैदानावर मत्स्यप्रदर्शन लागलं होतं. तिथे नितेशने काचेच्या टाकीत जिवंत ऑक्टोपस ठेवला होता. आठवडाभरात तो स्वतःचीच एक भुजा कुरतडू लागला. नितेशने कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या अनुपमाला बोलावून घेतलं.

"मॅडम, हा सोताचाच पाय खाऊन राहिला. काहून?"

अनुपमा टाकीजवळ वाकली. "पाणी नासलंय. लपायला आडोसा नाही आणि दिवसभर कोणी ना कोणी काच ठोकतंय. ताणानं करतात असं."

"वाचते का मंग?"

"नाही."

मग तिने सवयीने समजावून सांगितलं. याच्या निम्म्याहून जास्त मज्जापेशी डोक्यात नसतात, भुजांमध्ये असतात. भुजा तोडली तरी ती काही वेळ आपली आपण चाचपडत राहते.

"मी प्रयोगशाळेतून मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण आणते. त्यात गुंगी येऊन शांतपणे मरेल तो. तोवर टाकीवर कापड टाका."

नितेशने मान हलवली.

ती द्रावणाची बाटली घेऊन परतली तेव्हा टाकीपुढे झुंबड उडाली होती. परातीत तोडलेल्या भुजा वळवळत होत्या. नितेश त्यांच्यावर मीठ भुरभुरत होता. भुजा उसळल्या की लोक हसत, मोबाइल वर करत.

"हे काय केलंत तुम्ही?"

"तुमीच तं सांगतलं, तोडल्या तरी हालते म्हणून. तसाबी मरूनच राहिला होता. लोकायले काय दाखवू मंग?"

उरलेलं धड डोक्यासकट बादलीत होतं. ते फुगत होतं, आकसत होतं. आडव्या फटीसारखी बाहुली असलेला डोळा तिच्याकडे वळला. वर्गात ती दरवर्षी शिकवायची: पन्नास कोटींहून जास्त वर्षांपूर्वी, कुठल्याशा किड्यापाशी आपली आणि याची वाट फुटली. पुढे दोन्हीकडे डोळा स्वतंत्रपणे घडला, आणि तरी इतका सारखा. मुलं ते परीक्षेपुरतं पाठ करायची.

तिने सगळी बाटली बादलीत ओतली आणि शेजारी उकिडवी बसली. धडाचा श्वास मंदावत गेला. अंगावरचा तपकिरी रंग उतरला, कातडी पांढरी पडली. मग ते थांबलं.

ती परात उचलायला गेली, तर एक भुजा तिच्या मनगटाला चिकटली. ओढली तरी सुटेना. बाटलीत आता काहीच उरलं नव्हतं.

मागून एका बाईने तिच्या खांद्याला हात लावला. "मॅडम, सरका ना जरा. आमच्या पोट्टीले बी हात लावून पाहाचा हाय."