कुणाची तरी गाय

मी गाईच्या गळ्यातली एक जुनी पितळी घंटा आहे. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. मित्रांनो, त्यात माझा दोष नाही. गुराचा भरवसा असता, तर त्याच्या गळ्यात घंटा कुणी कशाला बांधली असती?

पुण्याच्या एका ओताऱ्याने फुटकी पितळी भांडी वितळवून मला साच्यात ओतले. तळेगावच्या बाजारात रखमाजी नावाच्या शेतकऱ्याने मला हलवून पाहिले, कानाशी धरले, पुन्हा हलवले. तोही संशयीच होता, म्हणून मला आवडला. नाणे मावळातल्या त्याच्या वाडीत मी पवळी गाईच्या गळ्यात पडले. पवळी अट्टल भटकी. रोज संध्याकाळी रखमाजी माझ्या आवाजाच्या रोखाने रान तुडवत यायचा. मग गाय पुढे, तो मागे, अशी दोघे घरी जात. "मी न्हाई हिला आणत, हीच मला घरी आणती," असे तो हसून म्हणे. माझे कौतुक होण्याचे ते दिवस.

पुढे धरण झाले. वाडी पाण्याखाली गेली आणि माणसे खाली कामशेतच्या अंगाला येऊन राहिली. पवळी म्हातारी होऊन गेली. मी गोठ्यातल्या खुंटीवर हिरवी पडत गेले. माझ्या पोटात कोळ्याने घर केले, पण कुणी ढुंकून पाहिले नाही.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात रखमाजीला विसर पडू लागला. आधी माणसांची नावे गेली, मग घरातली माणसे. दुपार झाली की तो उठे आणि "घरी जातो" म्हणून घरातूनच बाहेर पडे. कधी रेल्वेच्या फाटकाशी सापडे, कधी ओढ्यात. लोक म्हणत, म्हाताऱ्याला चकवा लागलाय. त्याचा मुलगा सोपान लांब रेल्वेच्या रूळदुरुस्तीच्या गँगमध्ये होता, आठवड्याने घरी येई. सगळा भार सुनेवर, झुंबरबाईवर.

एके दिवशी झुंबरबाईने मला खुंटीवरून काढले, चिंचेने घासले आणि आपल्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने सासऱ्याच्या कमरेला बांधले. मला तिचा रागच आला. ही बाई म्हाताऱ्याला गुरांत जमा करते आहे, हिच्या मनात काहीतरी काळेबेरे आहे, असे मला वाटले. गावालाही तेच वाटले. सोपान तर आल्या आल्या कडाडला, "बाप हाय माझा! बैल हाय का?"

"बैल असता तर दावं लावलं असतं," ती म्हणाली. "दावं न्हाई लावत हात माझा. म्हून घंटा बांधली."

सोपानने वाकून पट्टीची गाठ घट्ट केली. मी मात्र तिच्यावर नजर ठेवून होते.

आश्विनात भात पोटरीला आले होते. झुंबरबाई गवत कापायला गेली आणि रखमाजी निघाला. मी जीव तोडून वाजू लागले. पाणवठ्यावर शालूबाई धुणे धूत होती, तिने मान वर केली नाही. खळ्यावर माणसे होती, त्यांनी बोलणे थांबवले नाही. मी ओरडत होते आणि जो तो मनात म्हणत होता, चालली असेल कुणाची तरी गाय. मित्रांनो, मला सगळ्यांनी ऐकले आणि म्हाताऱ्याला कुणीच पाहिले नाही! झुंबरबाईच्या युक्तीत एवढीच खोट होती.

तो चालत राहिला तो थेट धरणाच्या काठापर्यंत. पाण्यालगत अंबाजीचे भाताचे खाचर होते. मावळातल्या यच्चयावत गुरांचा आपल्याच भातावर डोळा आहे, अशी अंबाजीची पक्की खात्री. माझा आवाज कानी पडताच तो काठी घेऊन धावला.

"कुणाचं जनावर सुटलंय रं? कोंडवाड्यात घालतो बघ!"

भात बाजूला सारून पाहतो, तर कमरेइतक्या पाण्यात म्हातारा. आणखी पुढेच चाललेला.

"ए आबा! कुटं निगाला?"

"घरला," रखमाजी पाण्याकडे बोट दाखवून म्हणाला. "त्ये काय दार दिसतंय."

अंबाजीने काठी टाकली आणि त्याला ओढून काठावर आणले. गाव विचारले, तर त्याने बुडालेल्या वाडीचे नाव सांगितले. आता याला न्यावे कुठे? चुकल्या गुराचा धनी पहिल्यांदा कोंडवाड्याशी येतो, एवढे अंबाजीला ठाऊक होते. त्याने रखमाजीला आपल्या गावच्या कोंडवाड्याच्या दाराशी बसवले, स्वतःचे घोंगडे त्याच्या अंगावर घातले आणि जवळ ठाण मांडले.

तिकडे, हे मला मागाहून कळले, झुंबरबाई दारोदार विचारत होती, "आमचं आबा दिसलं का?" जो तो म्हणे, "न्हाई बा." पाणवठ्यावर ती मटकन बसली. मग एकाएकी उठली आणि शालूबाईला म्हणाली, "मावशी, गाय गेली का वं हितनं? घंटेची?"

"व्हय की. मगाशी गेली खोऱ्याकडं."

त्यानंतर तिने म्हाताऱ्याचे नाव काढले नाही. गाय विचारत विचारत, प्रत्येकाच्या हाताच्या रोखाने ती पळत राहिली. दिवस मावळता मावळता कोंडवाड्याशी पोहोचली.

"माझं सासरं हायती," ती धापा टाकत म्हणाली.

अंबाजीने तिला खालीवर न्याहाळले. "कशावरून? घंटा बांधून सोडलंस न्हवं रानात? का वो आबा, वळखता का हिला?"

रखमाजीने तिच्याकडे पाहिले. "न्हाई. कोण ह्यी बाई?"

झुंबरबाईचे डोळे भरून आले. अंबाजी वाट अडवून उभा राहिला. एवढ्या धडपडीनंतर ती रिकाम्या हाताने परतणार, असे वाटून मला फार वाईट वाटले. तेव्हा मला उमगले, अंबाजीच्या नजरेत जो संशय होता, तोच इतके दिवस माझ्या पोटात होता.

ती अंबाजीला वळसा घालून सासऱ्यापाशी गेली. खाली वाकली, लुगड्याची पट्टी सोडली, मला हातात घेतले आणि पाठ फिरवून हळूहळू चालू लागली. पवळीच्या चालीने मी वाजू लागले.

रखमाजी उठला. अंगावरचे घोंगडे घसरले, ते त्याला कळलेही नाही.

"निगाली पवळी," तो अंबाजीला म्हणाला. "चला, घरी जातो आता."

ती पुढे, तो मागे. अंबाजी घोंगडे खांद्यावर टाकून थेट त्यांच्या दारापर्यंत मागोमाग आला. म्हातारा आत जाऊन अंथरुणावर टेकला, तेव्हाच तो परत फिरला. पण तेव्हापासून त्या खोऱ्यात घंटा वाजली की लोक हातातले काम टाकून वर पाहू लागले.

मित्रांनो, रखमाजी आता नाही. झुंबरबाईने मला गोठ्यात परत टांगले नाही, दारातच टांगले आहे. तुमच्याही वाटेवरून कधी कुणी "घरी जातो" म्हणत घरापासून लांब चाललेला असेल. "असेल कुणाचं तरी" म्हणून खाली मान घालू नका. एकदा वर पाहा. माझा संशयी स्वभाव काही गेलेला नाही. तुम्ही पाहाल की नाही, याची मला अजून खात्री वाटत नाही.