बाबांचं बोलणं

मंडईला आठ दिवस उरले होते आणि मी लिहिलेल्या दंडारीतले बाबा माझ्या आईला ओळखू येत नव्हते.

दंडार हे आमच्याकडचं गावनाटक. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत ती झाली नाही तर लोक मंडई झाली असं मानतच नाहीत. त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे अडतीस साली, दंडारीचे म्होरके शालीकराम शाळेत येऊन म्हणाले, "मास्तर, तुमी लिवता म्हनते लोकं. भोजराजवर लिवा ना." भोजराज माझे वडील. आम्ही कोहळी, तलाव बांधणारी माणसं. मी नऊ वर्षांचा असताना एका श्रावणात तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, खचायला लागली, आणि ती सावरताना बाबा मातीखाली गेले. पाळ मात्र राहिली.

आमच्या गावात एक रीत होती. गावच्या मेलेल्या माणसाचं सोंग आणायचं तर त्याचं बोलणं आधी घरच्यांना ऐकवायचं. 'हा आमचाच' असं त्यांनी म्हटल्याशिवाय कुणी तोंडाला रंग लावायचा नाही. मला त्याची काळजी नव्हती. पुण्याच्या एका लेखकाची सात पुस्तकं मी पार्सलने मागवून गोंदियाच्या स्टेशनावरून सोडवून आणली होती. त्यांतली दोन तर अक्षरन् अक्षर हाताने उतरवून काढली होती. मास्तर नुसता वाचत नाही, लिहितोसुद्धा, हे एकदा गावाला दिसू दे म्हणत होतो.

आई छपरीत सुपाने तांदूळ पाखडत होती. मी खड्या आवाजात वाचलं. शेवटी बाबा पाळीवर उभे राहून हात जोडतात आणि म्हणतात, "माते वसुंधरे, या क्षुद्र देहाचा बांध तुझ्या चरणी अर्पण असो!" वाचून झाल्यावर मी शाबासकीसाठी आईकडे पाहिलं.

"चांगला मानूस होता बिचारा," आई म्हणाली. "कोन होता?"

"आई, बाबा आहेत ते!"

"नोहोय. पानी पाळीवर चढून रायलं आन् हा हात जोडून भाषण देऊन रायला? तुह्या बापानं याच्या डोक्स्यावर मातीचं टोपलं देलं असतं."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरी मी वसुंधरा काढली, चरण काढले. आईचा होकार नाहीच. मग चिडून सगळं आमच्या बोलीत घातलं, 'मला'चं 'मले' केलं, 'तुला'चं 'तुले' केलं, आणि पुन्हा वाचलं.

"आता त्यानं आपले कपडे घातले," आई म्हणाली. "मानूस तोच हाये."

त्या दिवसापासून माझा पाय घरात ठरेना. शाळेत पोरांवर उगाच खेकसायचो. शाळा सुटली की पाळीवर जायचो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालायचो. बाबांचं एक वाक्य, एकच, आठवून पाहायचो. आठवायचे ते दारात उभे राहून मुलाला निरोप देणारे बाबा. शांत, थोडे वाकलेले, नाकावर चष्मा. तिसऱ्या दिवशी मी चालता चालता थांबलो. बाबांनी जन्मात चष्मा लावला नव्हता. तो माझ्या लेखकाच्या तिसऱ्या पुस्तकातला बाप होता. माझ्या बाबांच्या जागी तो कधी येऊन बसला, मला कळलंच नव्हतं. मी फार घाबरलो. बाबा आधी मातीखाली गेले होते, आता माझ्या वह्यांखाली जाणार होते.

धावत घरी आलो. "आई, ते कसे बोलायचे, तूच सांग."

"पंचवीस वर्सं झाली रे. आता माह्याही कानात नाई रायला. आयकलं तं ओळखीन, सांगता नाई येत."

म्हणजे आता बाबांचा आवाज कुणाकडेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी शालीकरामांनी निरोप धाडला की सांजेपर्यंत होय नाही कळवा, नाहीतर आम्ही जुनीच दंडार उभी करतो. मी छपरीत मांडी ठोकून बसलो. लिहिलं, वाचलं. आईने मान हलवली. खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा वाचलं. तिने पुन्हा मान हलवली आणि सूप झटकलं. कोंडा उडून माझ्या ओल्या शाईवर बसला. माझं डोकं सणकलं.

"काऊन मुंडी हालवत बसलीस?" मी ओरडलो. "बोलाचं असन तं बोल, नाई तं सर बाजूले! मले काम हाये!"

ओरडलो आणि लाज वाटली. आईवर असा आवाज मी कधी चढवला नव्हता. ती आता रडेल म्हणून मी कागद खाली ठेवला.

आई रडली नाही. तिने सूप बाजूला सारलं, लगबगीने उठली आणि डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत पुढे ओढला. घरात नवरा आल्यावर बाई ओढते तसा. मग माझ्याकडे न पाहता, अगदी हळू म्हणाली,

"जेवाले वाढू का?"