दक्षिण किनाऱ्याचे अकरा फोटो

माझा वाढदिवस होऊन महिना उलटला होता. तरी शुक्रवारी सकाळी चहा पिताना तिलेकने, माझ्या नवऱ्याने, जाहीर केलं, "उशिरा देतोय, पण भेट आहे. उद्या तुला छोट्या विमानातून फिरवून आणणार. खिडकी उघडता येते, असल्या."

बिश्केकच्या संस्थेत मी बावीस वर्षं हवाई छायाचित्रं वाचते. हिमनदी किती मागे सरली, तिच्या पायथ्याचं तळं किती फुगलं, ते त्यांवरून सांगते. फोटो नेहमी दुसऱ्या कोणीतरी काढलेले असतात. एकदा तरी वरून मी स्वतः काढावेत, हे तिलेक लग्नापासून ऐकत आला होता.

"फोन माझ्याकडे दे," तो म्हणाला. "दोन दिवस ऑफिस बंद."

मी दिला. आनंदाने दिला, हेही इथे लिहायला हवं.

त्या रात्री आम्ही इसिक-कुल सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावर मुक्काम केला. समोरच्या दक्षिण किनाऱ्यावर माझं गाव. तिथे आके, म्हणजे माझे वडील, माझ्या मोठ्या भावाजवळ, सागिनबाइकेजवळ राहायचे; बाइके म्हणजे दादा. "रविवारी पलीकडे जाऊन आकेंना भेटू," मी म्हटलं. तिलेक म्हणाला, "बघू."

वैमानिक कुबात तिशीचा होता. मला तो एजे म्हणजे ताई म्हणे आणि तिलेकला जेझदे म्हणजे भावोजी. "एजे, तुम्ही पुढे बसा," तो मला म्हणाला, "जेझदे मागे. त्यांचं वजन मागे ठेवलं की विमानाचं नाक आपोआप वर होतं."

एरवी तिलेक या थट्टेला उत्तर दिल्याशिवाय राहिला नसता. तो फक्त म्हणाला, "याच किनाऱ्याने फिरव. पलीकडे जायचं नाही."

विमान उडालं आणि मी बाकी सगळं विसरले. कोपर दाराला टेकवलं तर थरथर कॅमेऱ्यात उतरते, म्हणून मी हात अंगाशी घट्ट धरून फोटो काढत होते. उथळ पाणी हिरवट पिवळं होतं आणि जिथे तळ एकदम खाली जातो तिथे ते गर्द निळं होत होतं. ती रेषा मी हजारदा कागदावर पाहिली होती. ती हलते, हे मला ठाऊक नव्हतं.

"इकडे ढग उतरायला लागले, एजे," कुबात म्हणाला. "तुमचं गाव कुठलं?"

"कारा-बुलाक. फवारणीच्या विमानांची जुनी धावपट्टी आहे ना, तिच्या शेजारी."

"अहो, माझ्या बापाने तिथे दहा वर्षं विमान उतरवलंय! थांबा, दाखवतोच."

त्याने विमान वळवलं.

"कुबात, नको म्हटलं ना!" तिलेक मागून ओरडला. "मला मळमळतंय."

"पिशवी सीटमागे आहे, जेझदे."

कुबात हसला. मीही हसले.

गावावर त्याने माझ्या बाजूचा पंख खाली केला. ऊन डोळ्यांत येत होतं. छपरं, पॉपलरच्या रांगा आणि आमच्या गल्लीत उभ्या पुष्कळ गाड्या, एवढंच कळलं. "कुणाचं तरी लग्न दिसतंय," कुबात म्हणाला. मी अकरा फोटो काढले.

उत्तर किनाऱ्यावर परत उतरल्यावर कुबातने खोलीत चहा ओतला, त्याच्या आईने तळून दिलेले बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, पुढे ठेवले. तिलेक फोन करायला बाहेर गेला. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठे करून पाहू लागले. कामातली सवय अशी, की आधी ओळखीची वस्तू शोधायची आणि तिथून पुढे सरकायचं. आमचं निळं छप्पर सापडलं. आकेंचं जर्दाळूचं झाड सापडलं. झाडाच्या बाजूला अंगणात एक करडं वर्तुळ होतं.

नमद्याचं, जाड दाबलेल्या लोकरीचं, गोल घर. आमच्याकडे पक्क्या घराच्या अंगणात ते उभारतात, ते बहुतेकदा देह ठेवायला.

चौथ्या फोटोत घरासमोरच्या रस्त्यावर माणसांच्या सात रांगा होत्या. सगळ्यांची तोंडं नैर्ऋत्येला, मक्केच्या दिशेला. रांगांच्या पुढे जमिनीवर एक लांबट, गडद आयत. कोपऱ्यात वेळ होती बारा एकावन्न. त्या घरात म्हातारं माणूस एकच होतं.

आई गेली तेव्हा मी नोवोसिबिर्स्कला परीक्षेसाठी होते. मला नऊ दिवसांनी सांगितलं. त्यानंतर तिलेकने नानवर हात ठेवून, अन्नाची शपथ घेऊन मला वचन दिलं होतं, की यापुढे कोणाचाही मृत्यू तो माझ्यापासून लपवणार नाही. आणि आकेंना मी सांगून ठेवलं होतं, की तुमचा चेहरा बघेन आणि मग तुमच्याबरोबर टेकडीवर कब्रस्तानापर्यंत चालत येईन. आमच्यात बायका तिथे जात नाहीत. आके म्हणाले होते, "ये की. मी काही बोलायला नसेन. लोकांचं तुझं तू बघ."

तिलेक आत आला. मी पडदा त्याच्याकडे वळवला.

"कधी?"

"गुरुवारी पहाटे. झोपेतच."

"आज शनिवार आहे, तिलेक."

"सागिनबाइकेने सांगितलं गं. म्हणाला, ती टेकडीवर येण्याचा हट्ट धरेल, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. शनिवार दुपारपर्यंत तिकडेच थांबव म्हणाला. संध्याकाळी मी सांगणारच होतो. घरी, नीट बसवून..."

"आणि विमान?"

"तुला किती वर्षं हवं होतं ते."

"म्हणून निवडलंस."

तो खाली बघत म्हणाला, "दुसऱ्या कशासाठीही तू थांबली नसतीस."

ते खरं होतं. इतकी वर्षं मी काय काय बोलले, ते त्याने लक्ष देऊन ऐकलं होतं.

कुबात किटली धरून उभा होता. "एजे, शपथ घेतो, मला काही माहीत नव्हतं."

"तुला नव्हतं. पेट्रोल आहे?"

"आहे."

"त्या जुन्या धावपट्टीवर उतरता येईल?"

"गवत माजलं असेल. परवानगी तर नाहीच." त्याने किटली खाली ठेवली. "चला."

तिलेकने जाकीट उचललं. "मीही येतो."

"मागे वजन नको," कुबात म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

मी तिलेकपुढे हात केला. "माझा फोन." त्याने दिला. त्यात भावजयीचे एकोणीस कॉल होते, सगळे शुक्रवार सकाळपासूनचे. म्हणजे त्या घरात निदान एका माणसाला मी तिथे हवी होते.

तिकडे जाताना मी कॅमेरा पिशवीतून काढला नाही. गवतात चाकं दोनदा आपटली. गल्लीत पोचले तेव्हा पुरुष टेकडीवरून परतत होते. फाटकाशी सागिनबाइके उभा होता, डोक्यावर पांढरी टोपी, कमरेला शोकाचा पट्टा. डोळे सुजलेले.

"तुला कोणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"मीच फोटो काढला. वरून."

त्याला कळलं नाही. "झालं सगळं आता. आत जा, बायकांत बस."

मी टेकडीकडे वळले. रस्ता विचारायची गरज नव्हती. अकराव्या फोटोत दिसला होता, आईच्या कबरीच्या लोखंडी कुंपणाच्या पूर्वेला, ताज्या मातीचा फिकट ठिपका.

"बेगायम!" बाइकेने हाक मारली. मग पुन्हा एकदा मारली.

समोरून येणारे पुरुष एकेक करून कडेला होत गेले. मी त्यांचे चेहरे पाहत होते. कोणीतरी अडवेल म्हणून वाट पाहत होते. शेवटी एक म्हातारा थांबला, आकेंबरोबर नदीवर मासे धरायला जायचा तो.

"डाव्या बाजूने जा, पोरी," तो म्हणाला. "उजवीकडची माती अजून सैल आहे."