वच्छलाताईंचा दम

बेसा भागातल्या एका शाळेत वच्छलाताई कबड्डी शिकवायच्या. तरुणपणी त्यांनी विद्यापीठाच्या संघातून चढाया गाजवल्या होत्या. पण आता पाऊस ओसरून मैदानाच्या कडेला गाजरगवत फुललं, की ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत पलीकडे गेल्या न गेल्या तोच शिंक यायची आणि दम तुटायचा. पंच शिट्टी वाजवायचे, पोरी तोंडावर हात धरून हसायच्या.

शेवटी त्या धंतोलीत डॉक्टर मिनल यांच्याकडे गेल्या. गाजरगवताच्या परागकणांचीच ॲलर्जी निघाली. जानेवारीपासून त्याच परागकणांचा अर्क थोडा थोडा दंडात टोचून घ्यायचा आणि नंतर अर्धा तास तिथेच बसायचं, असं सुरू झालं.

मे महिन्यात रक्त तपासलं, तर ॲलर्जी उठवणाऱ्या अँटिबॉडीचा, आयजीईचा, आकडा आधीपेक्षा वाढलेला! वच्छलाताईंनी रिपोर्ट टेबलावर आपटला.

“काहून वाढला हा? मी तं एकही सुई चुकवली नाही!”

“सुरुवातीला तो वाढतो, ताई. मग सावकाश उतरतो, वर्षं लागतात,” डॉक्टर म्हणाल्या. “खालची ओळ पाहा. आयजीजी-फोर. ही दुसरी अँटिबॉडी तुमच्यात दसपट झाली आहे. परागकण आला की ही त्याला आधीच गाठते, आयजीईपर्यंत पोचू देत नाही.”

“मंजे सुया लागू पडून राहिल्या?”

“शरीर उत्तर देतंय, एवढं नक्की. शिंका किती कमी होतील, ते गवत फुलल्यावरच कळेल.”

ऑक्टोबरात माजी विद्यार्थिनींशी सामना ठरला. गाजरगवत पांढऱ्या फुलांनी गच्च भरलेलं. वच्छलाताईंनी मातीला हात लावून कपाळाला लावला आणि घुसल्या. दहावी कबड्डी गेली, विसावी गेली. कोपरा राखणाऱ्या वैभवीला, त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनीला, त्यांनी पायानं टिपलं, पण वळताना चौघींनी कंबर, घोटे धरून त्यांना लोळवलं. पालथ्या पडल्या तरी तोंडातला दम चालूच. शिट्टी वाजली तेव्हा कुठे थांबल्या आणि खदखदून हसल्या.

“मॅडम, आउट झाल्या तुम्ही! हसून काहून राहिल्या?” वैभवीनं विचारलं.

“अवं, किती वर्षांनी मले कोणी पकडून आउट केलं! नाही तं शिंकच आउट करून राहिली होती!”

वैभवीनं हात देऊन त्यांना उठवलं. वच्छलाताई धूळ झटकत बाकावर गेल्या आणि पुढच्या चढाईवाल्या पोरीवर तिथूनच ओरडायला लागल्या.