मशेरीच्या तव्यावरची भाकरी

मी करी रोडच्या एका चाळीतला जुना लोखंडी तवा आहे. तवे सगळेच काळे असतात, पण एके काळी माझ्याइतका बदनाम काळेपणा कुणाचा नव्हता. त्यात माझा दोष किती आणि माणसांचा किती, ते मित्रांनो, तुम्हीच ऐकून ठरवा.

लालबागच्या एका लोहाराने मला ठोकून ठोकून घडवले. या चाळीतला दौलत गिरणीत कायम झाला, गावाहून बकुळाशी लग्न करून आला आणि त्याच आठवड्यात त्याने मला विकत घेतले. बकुळाच्या हातची नाचणीची भाकरी माझ्यावर टम्म फुगायची. "तवा मात्र झकास मिळाला हं," दौलत म्हणायचा, आणि सगळे श्रेय तव्याला गेलेले पाहून बकुळा डोळे वटारायची. फार सुखाचे दिवस होते ते.

मग एकदा तिच्या हातून निसटून मी जिन्यावरून गडगडत खाली गेलो. माझ्या पोटात पोचा आला, भाकरी करपू लागली. घरात नवा तवा आला आणि मला मशेरीला लावले. मशेरी म्हणजे काळी होईपर्यंत भाजून चुरलेली तंबाखू. बायका ती बोटाने दातांना चोळत. माझ्या खोलगट पोटात ती छान भाजते अशी कीर्ती झाली, आणि मजल्यावरच्या साऱ्या बिऱ्हाडांच्या पुड्या माझ्याकडे येऊ लागल्या. धुराने दौलतला, मुलांना, सगळ्यांना ठसका लागायचा. खोटे कशाला बोलू, मला मात्र भलताच मोठेपणा वाटायचा.

बकुळाही गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात जायची. उठल्यावर मशेरी, पाळीला निघताना मशेरी, दुपारी डबा उघडण्याआधी पुन्हा मशेरी. ती लावली की भूक मरते. अर्धी भाकरी डब्यातून तशीच परत यायची. दौलतने नागपूरला दीक्षा घेतल्यापासून दारूला हात लावला नव्हता. संध्याकाळी पंचशील म्हणताना मादक पदार्थांचे नाव आले की तो मुद्दाम बायकोकडे बघायचा.

"माझ्याकडं काय बघता? मी काय नशा करते? दात घासते मी," बकुळा फणकारायची. यावर तो मान खाली घालायचा, कारण त्याच्या आईनेही जन्मभर असेच दात घासले होते.

दीक्षेच्या पुढच्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे जोरात होते. घोषणा द्यायला बकुळा सर्वांत पुढे. अशाच एका मोर्चात जे घडले, ते तिने घरी येऊन दौलतला सांगितले आणि चुलीशेजारी पडल्या पडल्या मी ऐकले.

मोर्चा थांबला होता आणि फुटपाथवर बसून बायका भाकरी खात होत्या. शेजारी गिरगावच्या डॉक्टर मृणालिनीबाई होत्या. त्या परळला इस्पितळात काम करायच्या.

"चटणी का बाजूला सारलीत?" त्यांनी विचारले.

"झोंबते हो. उष्णता झालीय तोंडात. मशेरी जरा जास्त लावली की बधीर होतं."

बाईंनी तिला उजेडाकडे वळवले आणि तोंड उघडायला लावले. गालाच्या आत, ओठाच्या कोपऱ्याशी, चिंचोक्याएवढा पांढरा चट्टा होता.

दोन दिवसांनी इस्पितळात तपासणी झाली. "हा कॅन्सर नाही," बाई म्हणाल्या, "पण मशेरी चालू राहिली तर पुढे होऊ शकतो. ती आजपासून बंद. दोन्ही वेळा पोटभर जेवा, पालेभाजी खा, मिळेल ते फळ खा. पण भाजी खाऊन वर मशेरी लावाल, तर उपयोग नाही. पुष्कळ जणींचा चट्टा जातो. तीन महिन्यांत नाही गेला, तर तुकडा काढून बघावं लागेल."

मशेरी सुटली, पण बकुळाचे डोके ठणकू लागले, पोट साफ होईना. ती सगळ्यांवर खेकसायची. दौलत माठाची जुडी आणि पेरू आणायचा आणि मुकाट बोलणी खायचा.

नवव्या दिवशी शेजारची राधा पुडी घेऊन आली. "तू नको लावू. भाजून तर दे. तुझ्या तव्यासारखी कुठं भाजत नाय."

बकुळाला नाही म्हणवले नाही. माझ्यावरून धूर निघाला आणि तो ओळखीचा वास खोलीभर झाला. तिचे बोट काळ्या चुऱ्यात बुडाले, ओठापर्यंत गेले. तिला अडवायला मला हात नव्हते. त्या क्षणी मला माझ्या कीर्तीची लाज वाटली.

चट्टा होता त्या कोपऱ्याशी येताच बकुळा थबकली. तिने बोट पदराला खसाखसा पुसले आणि सगळी मशेरी मोरीत ओतली.

"अगं बये, डोकं फिरलं का तुझं?" राधा ओरडली.

"ह्या तव्यावर आता भाकरी होणार," बकुळा म्हणाली. "कुणाचीच मशेरी नाय."

राधा तणतणत गेली ती महिनाभर बोलली नाही. बकुळाने मला निखाऱ्यांवर लाल होईस्तोवर तापवले, विटकरीच्या भुकटीने घासले, लोहाराकडे नेऊन पोचा काढला. पहिल्या भाकरीला असा वास आला की ती फेकावी लागली. दुसरीही तशीच. चौथ्या दिवशी मुलांनी तक्रार न करता भाकरी खाल्ली, तेव्हा मला जिन्यावरून पडण्याआधीचा मी आठवलो.

तीन महिन्यांनी बकुळा परळहून आली ती गॅलरीतूनच ओरडत, "अवो, गेला!" अगदी सगळा नव्हता गेला. एक पुसट रेघ उरली होती आणि बाईंनी पुन्हा दाखवायला बोलावले होते. पण तुकडा काढायची गरज उरली नव्हती. दौलत नुसते डोळे पुसत राहिला.

दोन दिवसांनी राधा दाराशी आली. हातात पुडी नव्हती.

"बकुळे, माझ्या पण तोंडात बघ ना जरा."

बकुळाने तिला खिडकीशी नेले, बराच वेळ पाहिले आणि पायात चपला सरकवल्या. "चल परळला. मी येते संगती."

मित्रांनो, मला तापवून, घासून, ठोकून पुन्हा भाकरीचा करता आले. माणसाच्या तोंडाला असले हाल सोसत नाहीत, ते आधीच जपावे लागते. तुमच्या घरी कुणी आजी, मावशी मशेरी लावत असेल तर तिच्यावर ओरडू नका. तिला उजेडात बसवा, तोंड उघडायला सांगा, आणि जावे लागले तर तिला एकटीला पाठवू नका.