छत पाडलेला खांब

मी खांब बोलतोय. खांब कसला, कमरेएवढं खोड उरलंय! अँटिग्वा शहरातल्या कॅथेड्रलमागे, त्याच्याच जुन्या भागाच्या पडक्या भिंतींत उभा आहे. पर्यटक मला टेकून फोटो काढतात, म्हणतात, "वा, काय देखणा!" तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं हो. छत धरायला मला विटा-चुन्यात बांधलं, आणि १७७३च्या भूकंपात तेच छत मी खाली टाकलं. यात कौतुक कसलं?

इथला झाडूवाला हासिंतो मात्र रोज दुपारी मला टेकून पानात वाफवलेले मक्याचे तमाले खायचा. १९७६च्या भूकंपात घराचं छत कोसळून त्याची बायको गेली. तान्ही ओदिलिया तेवढी वाचली. तेव्हापासून तो हलक्या पत्र्याखाली झोपायचा, पण जड छताखाली पाऊल टाकत नसे. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थनासुद्धा इथूनच ऐकायचा. मला थोपटून म्हणायचा, "तुझाच भरवसा, गड्या. पाडायला तुझ्याकडे काही उरलंच नाही."

ओदिलियाचं लग्न ठरलं, पुढच्या शाबूत कॅथेड्रलमध्ये. ती म्हणाली, "बाबा, वेदीपर्यंत तुम्हीच न्यायचं मला."

"मी दारातून बघेन ना, पोरी."

ती डोळे पुसत निघून गेली. आणि मला, सांगायला लाज वाटते, बरं वाटलं. हा आत गेला तर मला टेकणार कोण?

लग्नाच्या सकाळी रीतीप्रमाणे वाटेवर पाइनची हिरवी पानं अंथरायची. हासिंतोने माझ्यापासून कॅथेड्रलच्या मागच्या दारापर्यंत झकास अंथरली आणि उंबऱ्याशी थबकला.

पांढऱ्या झग्यातली ओदिलिया कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हे काय, अर्धवटच? लोक म्हणतील, नवरीचा बाप कामचुकार!"

"कोण म्हणतं कामचुकार? आण ती टोपली!"

तो वाकला. नजर फरशीवर ठेवून मूठमूठ पानं टाकत आत सरकला. मागून ओदिलिया एकेक पाऊल टाकत होती. मी मनात ओरडत होतो, अरे, फिर माघारी! वेदीशी टोपली रिकामी झाली, तेव्हा त्याने पाठ सरळ करून वर पाहिलं. छत जागेवर होतं. त्याने लेकीचा हात धरला.

आता तो दर रविवारी आत बसतो. माझ्याकडे येतो तो झाडायला; थोपटतो, पण टेकत नाही. धरायचं होतं ते छत मी सोडलं, आणि सोडायचं होतं त्या माणसाला धरून बसलो होतो.

तुम्ही या, खुशाल बघा. फक्त टेकू नका. मला लगेच सवय लागते.