आतल्या खोलीतली उत्तरं

ठमाबाई काही केल्या उठायला तयार नव्हती. ओसरीवर पाय पसरून ती टकळीवर लोकर कातत बसली होती आणि वृषालीने सुनेला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधी तीच देत होती. पाणी कुठलं पिता, या प्रश्नावर ती म्हणाली, "आमच्या हिरीचं. नळ तुमच्या इंदापुरात." ताप आला तर कुठे जाता, यावर तिने डाळजच्या डॉक्टरचं सगळं खानदान सांगितलं. सून सारजा खांबाला टेकून उभी होती, आणि सासूचं बोलणं झालं की नुसती मान हलवत होती.

वृषालीच्या मांडीवर दोन कागद होते. वरचा आरोग्याचा. तो खोटा नव्हता, पण खराही नव्हता. खरा कागद त्याच्याखाली होता. अठरा ते चोवीस वयाच्या मुलामुलींना घरात, शेतात, कामावर कुणी मारतं का, कशाने, किती वेळा, हे त्यात विचारायचं होतं. बोलताना तिसरं माणूस ऐकण्याइतक्या अंतरावर असता कामा नये, हे पुण्याच्या प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा बजावलं होतं. कुणी जवळ आलंच, तर वरचा कागद चालू करायचा. त्यातले प्रश्न इतके कंटाळवाणे होते की कळंबला सगळ्या सासवा पाचव्या-सहाव्या प्रश्नाला उठून कामाला लागल्या होत्या.

ठमाबाई मात्र रंगात आली होती.

"मला का न्हाय इचारत गं?" तिने टकळीला गिरकी दिली.

"मावशी, अठरा ते चोवीस वयाच्यांनाच विचारायचंय."

"म्हंजी पंचविसाव्याला समदे आजार बरं होत्यात व्हय?"

सारजा पदरात तोंड घालून हसली. एकोणीस वर्षांची होती ती. हसली की बारा-तेरा वर्षांची वाटे.

वृषालीने घड्याळ पाहिलं. हायवेवर जीप थांबली होती. बारामतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन ती पदवीधर झाली होती, आणि अर्धवट राहिलेलं निरीक्षण तिला अंगाला रुतणाऱ्या शिवणीसारखं वाटे. पण इथे इलाज नव्हता. या घराला 'अपूर्ण' अशी खूण करायची, म्हणून ती कागद गोळा करून उठली.

"आं? तशीच चाललीस?" ठमाबाई म्हणाली. "सारजे, कुंकू लाव तिला."

ठमाबाईचं कपाळ मोकळं होतं. तिचा नवरा तात्याबा, एकुलता मुलगा बिरू शाळेत असतानाच गेला. घरात कुंकू लावणारी आता एकच होती, आणि करंडा आतल्या खोलीत होता. तिने हाताने सुनेच्या मागे जायची खूण केली, आणि स्वतः मुद्दाम अंगणाकडे तोंड फिरवून बसली. कुंकू लावायच्या वेळी ती तिकडे फिरकत नसे.

आतल्या खोलीला खिडकी नव्हती. सरकलेल्या एका कौलातून उजेडाची पट्टी खाली आली होती. घोंगड्यांचा वास कोंदला होता. सारजाने कोनाड्यातून करंडा काढला, झाकण उघडलं. झाकणाच्या आत रुपयाएवढा आरसा होता.

वृषालीला कागदाची गरज नव्हती, प्रश्न तिला पाठ होते. तिने हळू आवाजात सांगितलं, की हे आजाराचं नाही, दुसरंच आहे, नको वाटलं तर नाही म्हण. आणि पहिला प्रश्न विचारला. गेल्या वर्षात कुणी तुला मारलं का?

सारजाचं बोट कुंकवात होतं, ते तिथेच थांबलं.

"मारल्यालं म्हंजी कसं धरायचं, ताई?"

"कसं म्हणजे?"

"पट्ट्यानं मारल्यालं धरायचं? का त्ये निस्तं शिकिवनं?"

"धरायचं."

"आन दिसभर जेवाय न्हाय दिलं तर?"

"तेही धरायचं."

सारजाने दाराकडे पाहिलं. बाहेर टकळी जमिनीला टेकल्याचा बारीक आवाज येत होता. मग तिने एकेका प्रश्नाला उत्तर दिलं. व्हय. व्हय. एकदा न्हाय. पुन्हा व्हय. बोटाच्या टोकावर कुंकू तसंच होतं, आणि ती ते बोट जरा लांब धरून बोलत होती, लुगड्याला लागू नये म्हणून.

सगळं झाल्यावर तिने विचारलं, हे कुणाला कळणार. कुणालाच नाही, वृषालीने सांगितलं, आम्ही नावसुद्धा लिहीत नाही, नुसता घराचा आकडा. मग सांगून काय उपयोग, असं तिने विचारलं तेव्हा वृषालीने प्रशिक्षणातलं उत्तर दिलं. सगळ्यांचं मोजलं की सरकारला कळेल, असं होतं हे, आणि किती होतं.

सारजाने बोट पुन्हा कुंकवात टेकवलं.

"मग नीट लिवा," ती म्हणाली. "चुकू नका." आणि वृषालीच्या कपाळावर दोन भुवयांच्या बरोबर मध्ये, गोल, कोरून काढल्यासारखं कुंकू लावलं.

बाहेरून ठमाबाई म्हणाली, "कपाळ रंगिवतीयास का भिंत?"

भिंत वृषालीने रंगवली. दाराशेजारी गेरूने घराचा आकडा घातला आणि भोवती गोल केला. गोल म्हणजे काम पूर्ण. अंगण ओलांडताना तिला बरं वाटत होतं. एखादा अवघड छेद नीट घेतला, काहीही फाटलं नाही, की प्रयोगशाळेत वाटायचं तसं.

हायवेवर चहाच्या टपरीपाशी दादासो तिची वाट बघत होता. पुरुषांचे कागद तो भरायचा. नियम असा होता, की ज्या गावात बायकांना विचारायचं तिथे पुरुषांना विचारायचं नाही. पुरुषांची गावं वेगळी. कारण पुरुषांच्या कागदावर प्रश्न होता, तुम्ही बायकोवर कधी हात उचलला का. दोन्ही कागद एका घरात गेले, तर बायकोला काय विचारलं असेल हे नवऱ्याला न सांगता कळेल. दादासोची गावं भिगवणच्या बाजूची होती. तिथला एक मुलगा सोलापूरला निघून गेल्यामुळे त्याचा एक कागद कमी पडत होता, आणि जीपचे मुख्य कुंडलिकराव वैतागले होते. एका कागदासाठी उद्या जीप उलटी न्यायची का, असं ते दोनदा म्हणाले.

टपरीच्या बाकावर एक तरुण बसला होता. त्याच्या मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या होत्या.

"तो बघ," वृषाली दादासोला म्हणाली. "दूधवाला आहे. भिगवणकडचाच असणार. त्याला घे."

एरवी तिने आधी विचारलं असतं, गाव कोणतं. त्या दिवशी तिला इंदापूरच्या खोलीवर जाऊन आंघोळ करायची होती. ती जीपमध्ये जाऊन बसली आणि सारजाची उत्तरं विसरायच्या आत खऱ्या कागदावर उतरवू लागली. नीट, न चुकता.

जीप सुटली तेव्हा उजनीच्या पाण्यावर ऊन तिरपं झालं होतं. दादासो खुशीत होता. बेस माणूस भेटला, असं सांगत होता. हसतमुख. दूध गोळा करतो. लग्नाला दोन वर्षं झाली. बायकोवर हात उचलला का म्हणून विचारलं, तर छ्या म्हणाला, आमच्यात तसलं नाही.

"आन तुमची गंमत ऐका. मलाच इचारतोय, आत्ताच वस्तीवरनं फोन आल्ता, आमच्या घरावर गेरूनं आकडा घालून एक बाई गेली म्हणं, ती तुमच्यातलीच का?"

वृषालीने पेन बंद केलं. "कुठलं घर?"

"वस्तीवरचं. धनगराचं. तुमी गेल्ता तेच की. मग म्हणतो, असलंच समदं माझ्या मंडळीला बी इचारलं का? काय सांगितलं तिनं?"

"तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? नियमानं बोललो. कुणाची उत्तरं कुणाला सांगता येत न्हाईत. पार घरच्यांना सुदिक न्हाय."

"मग?"

"मग गप झाला. च्या बी तसाच ठिवला न्‌ गेला."

उत्तर देण्यात दादासोचं काहीच चुकलं नव्हतं. काही सांगण्यासारखं नसतं, तर लपवायचं काय होतं, एवढा हिशेब कुणालाही येतो. वृषालीला प्रयोगशाळेतलं आठवलं. कॅनॉलच्या पाण्याचा थेंब काचेवर घेऊन ती खालून दिवा लावायची. त्यातले जीव सुंदर दिसायचे. पण दिवा जास्त वेळ राहिला तर उष्णतेने थेंब कडेकडेने सुकायला लागायचा, आणि ते सगळे मधोमध गोळा व्हायचे. उजेड तर तिनेच धरलेला असायचा.

तिने कुंडलिकरावांना जीप वळवायला सांगितली.

"जाऊन काय सांगणार?" त्यांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. "मारू नका म्हणून? म्हंजी त्याला जे वाटतंय त्ये पक्कंच झालं की."

आवाजात राग नव्हता. जीप वळली नाही, इंदापूरलाच गेली.

नंतरचे दिवस तिने कळंबच्या पलीकडच्या गावांत काढले. प्रत्येक घरी तिने नवऱ्याचं नाव, धंदा, तो आत्ता कुठे आहे, हे आधी विचारून घेतलं. कागद पूर्ण होत गेले, गठ्ठे पुण्याला गेले. एका गठ्ठ्यात सारजाचं व्हय होतं, दुसऱ्यात बिरूचं छ्या.

सुट्टीच्या दिवशी तिने इंदापूरच्या मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या घेतल्या, काहीतरी निमित्त हवं म्हणून, आणि एसटीने डाळजच्या फाट्यावर उतरली. वस्तीवर मोटरसायकल नव्हती. दाराशेजारची भिंत शेणाने सारवली होती. बाकीची भिंत जुनी आणि तेवढाच तुकडा नवा, त्यामुळे आकडा होता तेव्हापेक्षा ती जागा जास्त दिसत होती.

ठमाबाई ओसरीवर होती. टकळी मांडीवर पडलेली.

"सारजा कुठाय, मावशी?"

"म्हायेरी."

"बरी आहे ना?"

ठमाबाईने टकळी उचलली, सूत ओढलं, आणि टकळीकडे बघतच बोलली. हात मोडला होता. दवाखान्यात विहिरीच्या पायरीवरून पडली असं लिहून घेतलं. बाप आला आणि घेऊन गेला. पुन्हा पाठवायची नाही असं वस्तीसमोर बोलून गेला. बिरू तिकडे दोनदा जाऊन आला, त्याला दारात उभं केलं नाही.

"तू आजाराचं इचारतीया म्हणालीस," ती म्हणाली.

"हो."

"खोटं बोललीस."

"हो, मावशी."

"मी बसले हुते की हितं. मला इचारायचं." सूत तुटलं. तिने ते थुंकी लावून जोडलं. "तेचा बाप बी आसाच. हातात काय हाय त्ये बघायचा न्हाय. मी समदं सांगितलं असतं. माझं काय मोडायचं राह्यलंय आता?"

आमच्या कागदात तुमचं वय बसत नव्हतं, हे वाक्य वृषालीच्या तोंडापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

"तुम्ही होता का घरात? त्या दिवशी?"

"हुते." टकळी फिरत राहिली. "मी दार लावून घेतलं. शेजारी ऐकाय जाऊ ने म्हणून."

कोंबड्या अंगणातून निघून गेल्या. हायवेवरून ट्रक जात होते, त्यांचा आवाज वस्तीपर्यंत येता येता विरत होता. वृषालीला वाटत होतं की म्हातारीने चिडावं, चार शिव्या द्याव्यात, म्हणजे आपल्याला निघता येईल. ठमाबाईने तसलं काही केलं नाही. पाणी प्यालीस का, एवढंच विचारलं.

गोळ्यांचं पाकीट ओसरीवर ठेवून वृषाली उठली.

"थांब," ठमाबाई म्हणाली. "तशी जाऊ नगं."

ती भिंतीला धरून उठली, आत गेली. आतल्या खोलीत कोनाड्याशी चाचपल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा करंडा तिने दोन्ही हातांत, अंगापासून लांब धरला होता, आणि तोंड दुसरीकडे वळवलं होतं.

"लावणारी न्हाय घरात," ती म्हणाली. "तुझं तूच लाव."

वृषालीने झाकण उघडलं. इवल्याशा आरशात तिला फक्त कपाळाचा एक तुकडा दिसला. कुंकवात सारजाच्या बोटाचा खळगा तसाच होता. त्याला धक्का लागणार नाही असं तिने कडेचं थोडं घेतलं, अंदाजाने कपाळाला लावलं, आणि झाकण बसवून करंडा परत दिला.